दिल्लीच्या दगडांवरील अक्षरें

राजधानी पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा मनोरे, तट आणि राजवाडे पाहून परत येतो. दिल्लीस जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांचा क्रमही ठरलेला असतो : कुतुबमिनार, लाल किल्ला, हुमायूनची कबर आणि राष्ट्रपतिभवन. हीं स्थळें अवश्य पाहावींत. तथापि या नगरींत पाहण्यासारखें जितकें आहे तितकेंच वाचण्यासारखेंही आहे, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिल्ली या एका नांवाखालीं अनेक नगरें वसलीं आणि मोडलीं. लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहांपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह, शहाजहानाबाद, आणि शेवटीं १९३१ सालीं इंग्रजांनीं थाटानें उद्घाटन केलेली नवी दिल्ली. महंमद तुघलकानें तर १३२७ सालीं आपल्या देवगिरीस दौलताबाद म्हणून राजधानीचा मान दिला होता. पण तो फार काळ टिकला नाहीं. नवी दिल्ली वसविणाऱ्या इंग्रजांसही तेथें पुरतीं सतरा वर्षें राज्य करतां आलें नाहीं. तट बांधणाऱ्याचें नांव तटामुळें राहतेंच असें नाहीं, हें या यादीवरून सहज ध्यानांत येईल.

कुतुबमिनाराच्या शेजारीं, मशिदीच्या चौकांत, प्रसिद्ध लोहस्तंभ उभा आहे. उंची सुमारें २४ फूट, वजन सहा टनांहून अधिक. सुमारें सोळाशें वर्षें उन्हापावसांत उभा राहूनही तो गंजला नाहीं, याचें कौतुक सर्वच प्रवासी करतात. परंतु त्यावर ब्राह्मी लिपींत तीन संस्कृत श्लोक कोरलेले आहेत, आणि आपण मंगलाष्टकें ज्या वृत्तांत म्हणतों त्या शार्दूलविक्रीडितांतच ते आहेत, हें किती जणांस ठाऊक असतें? चंद्र नांवाच्या राजानें विष्णुपद नामक टेकडीवर हा विष्णूचा ध्वज उभारला, असें त्यांत सांगितलें आहे. हा राजा म्हणजे गुप्तवंशांतील दुसरा चंद्रगुप्त होय, असें बहुतेक विद्वान मानतात.

याहून बोधप्रद कथा फिरोजशहाच्या कोटल्यावरील अशोकस्तंभाची आहे. फिरोजशहा तुघलकानें हा स्तंभ चौदाव्या शतकांत तोपरा गांवाहून आणविला. सांवरीच्या कापसांत गुंडाळून, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवून, हजारों माणसांनीं तो यमुनेपर्यंत ओढला व पुढें नावांतून दिल्लीस नेला. मग सुलतानानें त्यावरील जुनीं अक्षरें वाचण्यासाठीं पंडितांस पाचारण केलें. एकासही तीं वाचतां आलीं नाहींत! जी लिपि एके काळीं साऱ्या देशांत चालत होती, ती तिच्याच देशांत परकी झाली होती. जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं तिचा उलगडा केला, तेव्हां त्या दगडाला वाचा फुटली. आणि त्यानें सांगितलें काय? वाटेवर मनुष्यांस व पशूंस सावली मिळावी म्हणून वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणविल्या. चक्रवर्ती सम्राटानें मुद्दाम कोरून ठेवण्याजोगी मानलेली ही गोष्ट होती.

तशीच एक विहीर पालम गांवीं झाली. आज तेथें विमानतळ आहे. बल्बनाच्या राज्यांत, १२७६ सालीं, उद्धर नांवाच्या एका गृहस्थानें तेथें पायऱ्यांची विहीर बांधली व संस्कृत शिलालेख कोरविला. त्यांत तोमर, चौहान आणि त्यांच्यानंतरचे सुलतान यांची क्रमवार नामावळी आहे, नगराचीं ढिल्ली व योगिनीपुर हीं नांवें आहेत, आणि स्वतःच्या कुळाचीही हकीकत आहे. एका सामान्य गृहस्थाच्या विहिरीनें राजांची परंपरा राखून ठेवली, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे.

आपल्या मराठ्यांचा दिल्लीशीं संबंध तर सर्वश्रुतच आहे. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं दिल्ली घेतली. फौजेच्या खर्चाच्या तंगीमुळें दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणीं पाडावीं लागलीं. १७७२ च्या आरंभीं महादजी शिंद्यांनीं शहा आलम बादशहास पुन्हां दिल्लींत आणलें. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं लेकच्या फौजेनें पटपडगंजजवळ शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि तो अंमल संपला. या काळाची अत्यंत जिवंत माहिती आपणांस कोठून मिळते? दगडांतून नव्हे, तर हिंगणे घराण्यांतील वकिलांनीं दिल्लीहून पेशव्यांस धाडलेल्या पत्रांतून. अशा मराठी पत्रव्यवहाराची लिपि मोडी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच मोडी आपल्या शाळांत शिकवीत असत. आज अनेक घरांच्या माळ्यावर, जुन्या पेट्यांत, आजोबा-पणजोबांचीं मोडी दप्तरें बांधून ठेवलेलीं आहेत, आणि तीं उघडलीं तरी घरांतील कोणासही वाचतां येत नाहींत. फिरोजशहाच्या दरबारांतील पंडितांची जी अवस्था झाली, ती आपली होण्यास फार दिवस नकोत. फरक इतकाच कीं ब्राह्मी दगडावर होती. तिला दोन हजार वर्षें वाट पाहतां आली. कागदास वाळवी तितकी सवड देत नसते.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी आहे : दिल्लीस जाल तेव्हां मुलांना लोहस्तंभाची उंची सांगाच, पण त्यावरील अक्षरांकडेही बोट दाखवा. आणि घरांत एखादें मोडी दप्तर असेल तर तें रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्याकडून वाचवून घ्या. घरांतील एका तरी मुलास वा सुनेस ती लिपि शिकूं द्या. चारसहा महिन्यांच्या नियमित अभ्यासानें ती साधते.