गुडघ्याची ‘झीज’ आणि पाण्यातील व्यायाम

वार्धक्यात गुडघ्यास जडणाऱ्या व्याधीला मराठीत सरसकट ‘संधिवात’ म्हणतात. हा शब्द फार सैल आहे. चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन वातव्याधींमध्ये येते, तर माधवनिदानात आमवात हा स्वतंत्र रोग गणला आहे. लोकव्यवहारात मात्र दोहोंची सरमिसळ झालेली दिसते. आधुनिक वैद्यक ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते, त्यासाठी ‘गुडघ्याची झीज’ हा प्रयोग आता रूढ झाला आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक विचारार्ह आहे. झिजते ती चाकाची धाव, चपलेचा तळ, सहाणेवरचे चंदन. वापरले की झिजते, ठेवून दिले की टिकते, असा या शब्दाचा ध्वनी आहे. आणि तो ऐकणारा रुग्ण जिना टाळू लागला व चालणे सोडून बसला, तर त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर भार पडतो व सुटतो, तेव्हा संधिद्रवाची जी ये-जा होते तिच्यावर तिचे पोषण बव्हंशी अवलंबून असते. शिवाय हालचाल थांबली की मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू क्षीण होतो. गुडघ्याला सावरून धरणारा मुख्य स्नायू तोच. म्हणजे हालचाल तर हवी, पण जमिनीवर ती दुखते, असा हा पेच आहे. पाण्यातील व्यायामाचे महत्त्व या पेचातच आहे.

सपाटीवर चालताना गुडघ्याच्या सांध्यावर देहभाराच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना उतरताना तो साडेतीनपटीच्या आसपास जातो. पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे हा हिशेब पालटतो. कमरेइतक्या पाण्यात स्थिर उभे राहिले असता पायांवर देहभाराचा सुमारे निम्मा, छातीइतक्या पाण्यात एकतृतीयांश आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एकदशांश भाग उरतो. तथापि उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. बर्लिन येथील संशोधकांनी मापनयंत्र बसविलेले कृत्रिम सांधे ज्यांच्या शरीरात आहेत अशा रुग्णांना पाण्यात व्यायाम करावयास लावून सांध्यातील भार प्रत्यक्ष मोजला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. पायांवर भार घेऊन केलेल्या हालचालींत तो जमिनीवरच्यापेक्षा एकतृतीयांशाहून अधिक, काही हालचालींत निम्म्याहून अधिक उतरला. पाय अधांतरी ठेवून केलेल्या हालचालींत मात्र असा लाभ दिसला नाही. वेग वाढविला किंवा पायाला पाणी अडविणारी साधने बांधली, तर भार उलट वाढला. याचे कारण उघड आहे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट. पाण्यात सारेच सौम्य असते ही समजूत त्यामुळे सोडून दिली पाहिजे. वेगाची ही दोरी रुग्णाच्याच हाती राहते, हा त्यातील खरा फायदा होय.

परिणामाविषयी अतिशयोक्ती टाळणे बरे. गुडघा व खुबा यांच्या या व्याधीसंबंधी 13 चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने 2016 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत 1190 व्यक्ती होत्या, त्यांचे सरासरी वय 68. शंभरांच्या मापावर वेदना सरासरी सुमारे पाचांनी कमी झाल्या, हालचालींतील अडचणही जवळजवळ तितकीच घटली. लाभ लहान पण खरा, आणि तो व्यायामक्रम संपल्यानंतरच्या लगतच्या काळातला आहे. जमिनीवर विनात्रास चालू शकणाऱ्याने तलावाचा हट्ट धरण्याचे कारण नाही. ज्याला चार पावले टाकणेही नकोसे होते, त्याला आरंभ करून देणे हे पाण्याचे काम. या चाचण्यांत सुमारे तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. आपल्याकडील साठीपुढच्या किती स्त्रिया सार्वजनिक तलावात उतरतील, हा प्रश्न वैद्यकाचा नसून पोशाखाचा व संकोचाचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही.

येथे आणखी एक भेद राखावयास हवा. उन्हवरे किंवा वज्रेश्वरी येथील ऊन पाण्याच्या कुंडांत सांधेदुखीचे रुग्ण परंपरेने स्नान करीत आले आहेत. ‘उन्हवरे’ या नावातील ‘उन्ह’ हे संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’द्वारा आलेले. उष्णतेने स्नायू सैलावतात, काही काळ बरे वाटते. परंतु ‘जलचिकित्सा’ या एकाच शब्दाखाली बसून राहणे व व्यायाम करणे ही दोन्ही घातली, तर पहिल्याने स्नायूंचे बळ वाढत नाही हे झाकले जाते.

व्यायामाच्या पाण्याचे तापमान साधारणतः 33 ते 35 अंश सेल्सियस ठेवतात. स्पर्धेचे तलाव याहून थंड असतात. पोहता येण्याची आवश्यकता नसते. छातीइतक्या पाण्यात पुढे, मागे व आडवे चालणे, कठडा धरून गुडघे वाकविणे, पाय बाजूस नेणे एवढ्याने प्रारंभ होतो. उतरण्यास उभ्या शिडीऐवजी रुंद पायऱ्या हव्यात, कारण शिडी चढताना दुखऱ्या गुडघ्यावर पुन्हा सर्व भार येतो. गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर पायांतील रक्त छातीकडे लोटले जाते. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी, तसेच अंगावर उघडी जखम असलेल्यांनी, वैद्याला विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये.