छप्पर उडते कसे, टिकते कसे

18 सप्टेंबर 2017च्या रात्री ‘मारिया’ चक्रीवादळ ताशी 250 किलोमीटरहून अधिक वेगाने डॉमिनिका या कॅरिबियन बेटावर आदळले. सुमारे 90 टक्के घरांचे नुकसान झाले. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांच्या निवासस्थानाचेही छप्पर गेले, मग लाकडी भिंती आणि पत्र्याच्या घरांची काय कथा!

वारा छप्पर ढकलत नाही, वर खेचतो. त्यात खिडकी फुटून वारा आत शिरला की खालूनही रेटा बसतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून पत्रा जाड घेतला तरी तो गुळगुळीत खिळ्यांनी ठोकला असेल तर पैसा वाया. वाशांना स्क्रूने आवळलेला पत्रा तग धरतो. आढे, कडा आणि कोपरे इथे ओढ सर्वाधिक, तेव्हा स्क्रूही तिथेच दाट हवेत. वासा भिंतीवरच्या तुळईला गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टीने बांधायचा, भिंत पायाला. या साखळीतली एक कडी सुटली की बाकीचा खर्च पाण्यात.

दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरे, उतार साधारण 30 अंशांचा. वळचण आखूड. पडवीचे छप्पर वेगळे ठेवावे. ते उडाले तरी घराचे वाचते. खिडक्यांना भक्कम झडपा.

पट्ट्या आणि स्क्रू नव्या घरापुढे किरकोळ खर्चाचे, पण हातावर पोट असणाऱ्याला तेवढेही एकरकमी जमत नाही. सेंट लुशिया या दुसऱ्या कॅरिबियन बेटावर नॅशनल रिसर्च अँड डेव्हलपमेंट फाउंडेशनने 1990च्या दशकात अशा कुटुंबांना याच कामासाठी छोटी कर्जे देऊ केली.