भरती संपली, धावणं थांबलं

कणकवली तालुक्यातल्या नांदगावसारख्या गावात पहाटे रस्त्याकडेने धावणारा कॉलेजकुमार दिसला, तर तो बहुधा पोलीस भरतीची तयारी करत असतो. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. मुठीत घड्याळ, डोक्यात गुण. भरती आटोपली की बूट माळ्यावर!

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी याची मीमांसा केली आहे. निव्वळ बक्षिसासाठी धरलेली गोष्ट बक्षिसाबरोबर सुटते. स्वतःची निवड, ‘जमतंय’ ही जाणीव आणि कुणाची सोबत असेल तर ती टिकते.

सवय 21 दिवसांत लागते, हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात (2010) मध्यक निघाला 66 दिवसांचा. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज आला. खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचंच: एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. आषाढातल्या पावसाने एक पहाट बुडवली, तरी काही बिघडत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मुलांनो, भरतीचा निकाल काहीही लागो, मित्राला हाक मारा आणि दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी बाहेर पडा.