पत्राची किल्ली कुणाच्या हाती?

डिसेंबर २०१२ मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना एका अनोळखी माणसाचा ईमेल आला. खाली नाव होतं ‘सिनसिनेटस’. तुमच्या कामाचं माझ्याकडे काही आहे, पण आधी ‘पीजीपी’ हे ईमेल कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर बसवून घ्या, मग बोलू, असं त्याचं म्हणणं. ग्रीनवाल्ड तेव्हा ब्राझीलमध्ये राहून ‘द गार्डियन’साठी लिहीत होते. हातात कामं बरीच होती आणि हे प्रकरण किचकट वाटत होतं. त्या माणसाने एकेक पायरी लिहून पाठवली, व्हिडिओसुद्धा करून दिला. तरी ते राहूनच गेलं. अखेर जानेवारीत त्याने माहितीपटकार लॉरा पॉइट्रस यांना गाठलं. त्या हे तंत्र आधीपासून वापरत होत्या. तो माणूस म्हणजे एडवर्ड स्नोडेन. अमेरिकी यंत्रणा जगभरच्या संदेशांवर कशी नजर ठेवते, याच्या बातम्या जून २०१३ मध्ये येऊ लागल्या. ग्रीनवाल्ड यांच्या हातून त्या थोडक्यात निसटल्या असत्या.

पीजीपी लिहिलं फिल झिमरमन यांनी, १९९१ मध्ये. कोलोरॅडोत राहणारे हे प्रोग्रामर अण्वस्त्रविरोधी चळवळीतले कार्यकर्ते होते. सरकारला हवा तेव्हा संदेशाचा मूळ मजकूर मिळावा, अशी अपेक्षा व्यक्त करणारं विधेयक त्या वर्षी अमेरिकी सिनेटपुढे होतं. ते मंजूर होण्याआधी हे साधन सामान्य माणसाकडे पोचावं, म्हणून झिमरमन कामाला लागले. घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले, सॉफ्टवेअर मात्र त्यांनी फुकट वाटलं. अमेरिकेत तेव्हा तगड्या एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कूटबद्ध करण्याच्या तंत्राची, गणना युद्धसामग्रीत होई. पीजीपी देशाबाहेर पोचल्यावर झिमरमन यांच्यामागे चौकशी लागली. ती तीन वर्षं चालली आणि जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच बंद झाली. मधल्या काळात एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा सोर्स कोड चक्क छापील पुस्तक म्हणून काढला. सॉफ्टवेअर परदेशी पाठवायला बंदी होती, पुस्तकाला नव्हती.

पीजीपीमागची कल्पना व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली हे खरं तर उघडं कुलूप. ते हवं त्याला देऊन ठेवावं, तुम्हाला लिहिणाऱ्याने पत्रावर दाबून बंद करावं. उघडणारी खासगी किल्ली फक्त तुमच्या संगणकावर.

रोजच्या ईमेलचं तसं नाही. जीमेलचा मजकूर वाटेत सहसा कूटबद्ध असतो, सर्व्हरवरही असतो, पण किल्ल्या कंपनीकडे. २०१७ पर्यंत गुगल जाहिराती जुळवण्यासाठी मोफत जीमेलमधला मजकूर यंत्राकरवी चाळत असे, ते याच बळावर.

किल्ली सेवा देणाऱ्याकडे असली की काय होतं, हे ‘लाव्हाबिट’ने भोगलं. टेक्सासमधली ही छोटी सेवा स्नोडेन वापरत. २०१३ मध्ये एफबीआयने तिच्याकडे अशी किल्ली मागितली, की तिच्यामुळे एका माणसाचाच नव्हे तर चार लाखांहून अधिक ग्राहकांचा पत्रव्यवहार उघडा पडला असता. मालक लेडार लेव्हिसन यांनी ती दिली खरी, पण कागदावर: ११ पानं, चार पॉइंटच्या बारीक टायपात. संगणकावर चालेल अशा रूपात किल्ली द्या, तोवर रोज ५,००० डॉलर दंड, असं कोर्टाने बजावलं. किल्ली दिली, पण त्याबरोबरच ऑगस्टमध्ये लेव्हिसन यांनी सेवाच बंद केली.

मग सगळेच पीजीपी का वापरत नाहीत? १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी ईमेलला सरावलेल्या १२ जणांना पीजीपी देऊन बसवलं. वेळ दीड तास. तेवढ्यात जेमतेम एक तृतीयांश लोकांना नीट कूटबद्ध पत्र पाठवता आलं, आणि तिघांनी गुप्त मजकूर चुकून उघडाच धाडला. दोष त्या लोकांचा नव्हता. सामान्य माणसाला न जमणारं संरक्षण अपुरंच म्हणायला हवं.

आपल्याकडेही हा विषय दारात येऊन गेला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. कूटबद्ध केलेल्या संदेशाचा मूळ मजकूर नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावा, असं त्यात होतं. ओरड झाली आणि मसुदा लगेच मागे घेतला गेला. ती ओरड योग्यच होती: दुसऱ्याने मागितल्यावर दाखवता यावीत म्हणून कुणी आपली पत्रं जपून ठेवत नाही.

आज काम बरंच सोपं झालंय. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये २०२० पासून ही सोय आतच आहे. प्रोटॉन या ईमेल सेवेच्या दोन खात्यांमधली पत्रं आपोआप कूटबद्ध होतात, मात्र तिथून जीमेलवर पाठवलेलं साधं पत्र तसं राहत नाही. विषयाची ओळ अनेकदा उघडीच राहते, म्हणून तिथे ‘बायोप्सीचा रिपोर्ट’ लिहू नये. कुणी कुणाला कधी लिहिलं, हेही लपत नाही. समोरच्याची किल्ली पहिल्यांदा मिळाली, की तिचा फिंगरप्रिंट, बहुधा चाळीस अक्षर-अंकांचा, फोनवर वाचून ताडून घ्यावा, म्हणजे मध्येच कुणी स्वतःची किल्ली सरकवलेली नाही याची खात्री पटते. आणि स्वतःच्या खासगी किल्लीची एक प्रत, पासफ्रेज लावून, पेनड्राइव्हवर वेगळ्या जागी ठेवावी. लॅपटॉप बिघडला आणि किल्लीही गेली, तर त्या किल्लीने बंद केलेली जुनी पत्रं कोणतीही कंपनी उघडून देऊ शकत नाही.