विहिरीत दम धरायचा, समुद्रात सोडायचा

टेंभुर्णीला समुद्र नाही, पण पाण्याची सवय आहे. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायचं आणि पुढे बुडी मारून तळातला गाळ मुठीत आणून दाखवायचा, ही जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांची जुनी रीत. आता इथली पोरं मालवण-तारकर्लीला स्कुबा करतात, काही थायलंड-मालदीवलाही जातात. जाताना एक समज सोबत असतो: विहिरीचा तळ गाठणाऱ्याला स्कुबाचं काय अवघड?

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून उतरतो. खाली ती दाबली जाते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. स्कुबात मात्र आपण खालीच, पाठीवरच्या सिलिंडरमधून दाबाखालची हवा घेतो. दहा मीटरवर, म्हणजे पाच-सहा परस खोलीवर, दाब काठावरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून दम धरला आणि तसंच वर आलं, तर ती हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला हेच जड जातं, कारण घाबरला की तो सवयीने दम धरतो.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, हाही गैरसमजच. सहसा त्यात साधी दाबलेली हवा असते, म्हणजे सुमारे 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. हा नायट्रोजन खोलीवर रक्तात विरघळतो आणि माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. हाच दाबाचा आजार. उंचावर हवेचा दाब आणखी कमी होतो. म्हणूनच एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी परतीचं विमान, असा बेत आखूच नका. मालवणहून घाट चढून परतणाऱ्यांनीही, डाइव्ह खोल झाली असेल तर, प्रशिक्षकाला विचारूनच निघावं.

पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक हाताला धरून उथळ पाण्यात फिरवून आणतो. स्वतःच्या प्रमाणपत्राचा कोर्स करायचा तर मात्र पोहणं तपासतात. तारकर्लीत एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. फॉर्मवर दमा, हृदयविकार, कानाचा त्रास लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका, कानातला दाब सुटत नाही.

आणखी एक, पाण्याखाली अंगठा दाखवणं म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर उभं राहू नये, तुकडा खिशात घालू नये. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याचं प्रवाळांना संरक्षण आहे. थायलंडने 2021 मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली. मालदीवमध्ये रिसॉर्टवर चालतं ते सगळं गावांच्या बेटांवर चालत नाही. तिथे दारूला मनाई आहे आणि पोहण्याच्या तोकड्या कपड्यांसाठी ठरावीक किनारे असतात. तो त्यांचा गाव आहे, तिथे अंगभर कपड्यांतच फिरावं.

प्रवास विमा काढला की झालं, असंही नाही. स्कुबा अनेक पॉलिसींत धरलेलं नसतं, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच असतं. दाबाच्या आजारावर रिकम्प्रेशन चेंबरमध्ये उपचार करावे लागतात. तो खर्च पॉलिसीत बसतो का, हे तिकीट काढण्याआधी एजंटकडून लेखी घ्या.