ग्रंथीचे काम माणसाच्या हाती

खाल्ल्या मिठाला जागावे, अशी शिकवण मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या दिली जाते. परंतु ज्यांच्या शरीरात मीठ ठरतच नाही, अशी काही बालके जन्माला येतात. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मूल अंगावर पिईनासे होते, ओकू लागते, त्याचे वजन घटते, हातपाय गार पडतात. कोणी दृष्ट काढतो, कोणी साधी हगवण-ओकारी समजून औषध देतो. आणि खरे कारण कळण्यापूर्वीच पुष्कळदा मूल हातचे जाते. या व्याधीचे वैद्यकातील नाव भारदस्त आहे : जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तीच अधिवृक्क. तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल आणि आल्डोस्टेरोन हे अंतःस्राव तयार होतात. पहिला दुखण्याच्या वेळी शरीराला सावरून धरतो व रक्तातील साखर टिकवतो. दुसरा मूत्रावाटे वाहून जाणारे मीठ परत खेचून घेतो. दोन्ही स्राव टप्प्याटप्प्याने घडतात. त्यांतील एका टप्प्यावरचे, बहुधा एकवीस-हायड्रॉक्सिलेज नावाचे, एन्झाइम जन्मतःच सदोष असले की दोन्ही वाटा अडतात. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी ही उणीव ओळखते आणि अधिवृक्काला सारखी डिवचत राहते. ग्रंथी फुगते, साचलेला कच्चा माल मोकळ्या असलेल्या एकाच वाटेने लोटला जातो, आणि ती वाट असते पुरुषी अंतःस्रावांची. पाटाचे एक दार बुजले म्हणजे पाणी नको त्या वाफ्यात शिरते, तसाच हा प्रकार.

त्याचा परिणाम गर्भातच दिसू लागतो. मुलीचे गर्भाशय व बीजकोश अगदी यथास्थित असतात. बाहेरची घडण मात्र मुलाचा भास व्हावा अशी होते. नेपल्सचा शरीरशास्त्रज्ञ ल्युइजी दे क्रेक्किओ याने १८६५ साली पुरुष म्हणून वावरलेल्या एका मृत व्यक्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या देहात गर्भाशय होते, बीजकोश होते, आणि अधिवृक्क ग्रंथी विलक्षण मोठ्या झाल्या होत्या. मुलग्यांच्या बाबतीत असे कोणतेच बाह्य चिन्ह उठून दिसत नाही. म्हणूनच निदानाआधी दगावण्याचा धोका त्यांना अधिक.

उपचार सापडायला १९५० साल उजाडावे लागले. संधिवातावर नुकतेच गुणकारी ठरलेले कॉर्टिझोन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लॉसन विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या व्याधीवर वापरून पाहिले. उणीव भरून निघाली, पोषग्रंथीचे डिवचणे थांबले. मूल आता जगू लागले, आणि खरा प्रश्न पुढे आला तो ते वाढवायचे कसे हा.

कारण निरोगी ग्रंथी पहाटे अधिक स्रवते, रात्री कमी. ताप आला तर आपण होऊन कितीतरी पट स्रवते. गोळीला यातले काही कळत नाही. ते आईला कळावे लागते. मात्रा कमी पडली तर मूल वयाच्या मानाने भराभर उंच होते. आप्तेष्ट कौतुक करतात. परंतु हाडांची वाढीची टोके वेळेआधी सांधली जातात आणि तेच मूल पुढे खुजे राहते. मात्रा अधिक झाली तर अंगावर चरबी चढते व उंची खुंटते. म्हणून डॉक्टर हाताच्या पंजाचे क्ष-किरण चित्र घेऊन हाडांचे वय मोजत राहतात. या दोन टोकांमधून दिवसाला तीन वेळा, वर्षानुवर्षे, वाट काढायची असते. चांगला ताप भरला की मात्रा दुप्पट, फार चढला तर तिप्पट. गोळी ओकून पडू लागली तर मांडीत हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन, आणि लगेच रुग्णालय. परीक्षेची धास्ती मात्र वाढीव गोळीचे कारण नव्हे.

हा दोष आईबाप दोघांकडून येतो. दोघेही स्वतः धडधाकट असतात. दोघांचा सदोष जनुक एकत्र आला तरच अपत्यास व्याधी होते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याबाबत ही शक्यता चारात एक असते. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे हा निव्वळ अन्याय होय. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल महाराष्ट्रात व दक्षिणेत रूढ आहे. रक्ताच्या नात्यात असे दोन जनुक जुळण्याचा संभव वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे ५,८०० बालकांमागे एकास ही व्याधी आढळली. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब तिच्यासाठी पुरतो. तरी ही तपासणी देशात सर्वत्र होत नाही.

मुलींच्या वाट्याला आणखी एक ओझे येते, ते लपवालपवीचे. लग्नाच्या भीतीने व्याधीचे नाव घरात उच्चारले जात नाही. मुलगी गोळ्या घेते, पण कशासाठी ते तिला ठाऊक नसते. शस्त्रक्रियाही पूर्वी तान्हेपणीच उरकली जाई. मुलीला समज येऊन तिने स्वतः निर्णय घ्यावा, हे मत अलीकडे बळावत आहे. शरीर तिचे असल्याने तेच अधिक न्याय्य वाटते. उपचार नीट चालू असतील तर यांतील पुष्कळ स्त्रिया माता होतात.

बाराव्या-तेराव्या वर्षापासून गोळ्यांची डबी हळूहळू मुलाच्याच स्वाधीन करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. याच वयात मुले औषध टाळतात, सांगितलेले विसरतात. म्हणून एकदम सारे सोपवून मोकळे होऊ नये. परगावी शिकायला निघताना सोबत इंजेक्शन आणि व्याधीचे नाव व मात्रा लिहिलेले कार्ड हवे, आणि वसतिगृहातल्या निदान एका सोबत्याला ती सुई टोचता यायला हवी.