पाचशे पौंडांची उचल



गेल्या डिसेंबरात आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पुण्याहून आली. ती तिथे मोठ्या दुकानात बिलिंगला असते. म्हणाली, "नाताळ जवळ आला की तेच एक इंग्रजी गाणं दिवसभर लावतात. डोक्यातून जातच नाही. कोणाचं आहे ते?" आम्ही शोध घेतला. गाण्यापेक्षा गाणाऱ्यांची गोष्टच आम्हांला जवळची वाटली, कारण तिच्यात एक कागद आहे, घाईची सही आहे आणि उचलसुद्धा आहे.

गाण्याचं नाव 'लास्ट ख्रिसमस'. गाणाऱ्या जोडीचं नाव 'व्हॅम'. जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली, दोघे इंग्लंडचे. जॉर्जचे वडील सायप्रस बेटावरून आलेले, हॉटेलचा धंदा करायचे. त्याचं घरचं नाव जॉर्जियोस पानायोटू. १९७५ साली लंडनजवळच्या बुशी गावच्या शाळेत तो नवा आला. या मुलाला कोण सांभाळून घेईल, असं वर्गात विचारलं तेव्हा अँड्र्यूने हात वर केला. तिथून दोस्ती जमली. जॉर्ज तेव्हा लाजरा, जाड चष्मा लावणारा. अँड्र्यू बिनधास्त. कपडे कसे घालायचे, लोकांसमोर कसं उभं राहायचं, हे जॉर्ज त्याच्याकडे बघून शिकला.

आता कागदाची गोष्ट. १९८२ सालच्या मार्चमध्ये 'इनरव्हिजन' नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने दोघांपुढे करार ठेवला. जॉर्ज अठरा वर्षांचा, अँड्र्यू एकोणीसचा. कामाच्या मधल्या सुट्टीत, एका चहाच्या हॉटेलात बसून दोघांनी सही केली. प्रत्येकाला पाचशे पौंड मिळाले. खिशात दमडी नसलेल्या पोरांना ते फार वाटले असणार.

पण हे पैसे म्हणजे बक्षीस नव्हे. आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. ती उचल होती. गाण्याची प्रत विकली गेली की गायकाला त्यातला ठरलेला वाटा मिळतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. उचल आधी त्या वाट्यातून वळती होते, मग उरलं तर हातात. त्यात यांचा वाटाच मुळात कमी धरलेला. त्या काळी तबकड्या दोन आकारांत निघायच्या, लहान आणि मोठी. नाचगाण्याच्या मोठ्या तबकडीला मागणी जोरात होती. करारात त्या मोठ्या तबकडीवर यांना काहीच मिळणार नव्हतं! जो माल जास्त खपतो, नेमका त्याच्यावरच वाटा नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्या छोट्या कंपनीनेही वरच्या मोठ्या 'सीबीएस' कंपनीकडून पैसा घेतला होता, आणि तिचाही करार असाच आवळलेला होता. वरच्याने खालच्याला दाबलं, खालच्याने त्याच्याही खालच्याला. मुकादमाच्या वरही कोणीतरी असतंच.

गाणी मात्र चालली. १९८२ च्या नोव्हेंबरात 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्हीच्या कार्यक्रमात त्यांना संधी मिळाली आणि 'यंग गन्स' हे गाणं देशात तिसऱ्या नंबरावर पोहोचलं. १९८३ साली 'फँटॅस्टिक' हा पहिला संग्रह ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. पोस्टरवर यांचे फोटो, पोरी यांच्या नावाने वेड्या. आणि पैसा? नावाच्या मानाने हातात फारच थोडा.

मग दोघांनी नवे व्यवस्थापक नेमले, वकील गाठले. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. इकडे कंपनीने त्यांच्या जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून, दोघांच्या मनाविरुद्ध, एक तबकडी बाजारात आणली. अखेर १९८४ साली तडजोड झाली आणि जोडी 'एपिक' या दुसऱ्या कंपनीकडे गेली. पुढे त्याच वर्षी त्यांचं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे एक नंबरला लागलं. १९८५ च्या एप्रिलमध्ये ते चीनमध्ये गाऊन आले. पाश्चात्त्य पॉप गायकांना तो देश तेव्हा जवळपास बंदच होता.

कागद नुसता बुडवतो असंही नाही. 'केअरलेस व्हिस्पर' या गाण्याची चाल जॉर्जला सतराव्या वर्षी बसमध्ये, कंडक्टरला पैसे देताना सुचली. ते त्याने अँड्र्यूबरोबर मिळून पुरं केलं आणि कागदावर दोघांची नावं लागली. पुढे ब्रिटनमध्ये ते जॉर्जच्या एकट्याच्या आवाजात, एकट्याच्या नावावर निघालं आणि जगभर गाजलं. तरी लेखनातलं अँड्र्यूचं नाव हललं नाही. अँड्र्यू नुसता मिरवतो, काम सगळं जॉर्ज करतो, अशी टिंगल लोक करायचे. आम्हांला ती पटत नाही. आपल्या गटातही एखादी बाई पापड लाटत नसेल, पण बँकेत पहिल्यांदा आत जायला तीच पुढे झालेली असते.

१९८६ च्या २८ जूनला लंडनच्या वेम्बली मैदानावर, बहात्तर हजार लोकांसमोर, दोघे शेवटचे एकत्र गायले. भांडण नाही, तंटा नाही. जॉर्जला मोठ्यांसाठीची गाणी करायची होती, ते दोघांनी मानलं.

जॉर्ज पुढे एकटाच फार मोठा झाला, आणि करारावरून पुन्हा कोर्टात गेला. या वेळी समोर 'सोनी' कंपनी होती. १९९४ साली तो हरला. सही करताना त्याच्या बाजूने जाणते वकील होते, करार मध्ये सुधारूनही घेतला होता, तेव्हा तो अन्यायाचा म्हणता येणार नाही, असं कोर्टाने धरलं. म्हणजे सहीच्या दिवशी सल्ला घेतला होता का, हेसुद्धा कोर्ट विचारतं.

आणि ते नाताळचं गाणं? १९८४ साली ते दुसऱ्या नंबरावरच अडलं. पहिल्यावर होतं इथिओपियाच्या दुष्काळासाठी अनेकांनी मिळून गायलेलं गाणं, आणि त्यात जॉर्जचाही आवाज होता. 'लास्ट ख्रिसमस'ची कमाईही या जोडीने त्याच दुष्काळाला दिली. जॉर्ज २०१६ साली, नेमका नाताळच्या दिवशी गेला, वय त्रेपन्न. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा एक नंबरला आलं २०२१ च्या १ जानेवारीला, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

आमच्या गटाकडे सध्या लोणच्याच्या ऑर्डरचा एक कागद पडून आहे. व्यापारी आगाऊ रक्कम देतो म्हणतो. बरण्या फुटल्या तर भरपाई कोणाची, हे त्यात आम्हांला नीट लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते आणि बायांना तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट सल्ला मिळतो. सोमवारी आम्ही तिघी कागद घेऊन तिकडे निघालोय. वकिलांनी काय सांगितलं ते पुढच्या बुधवारी, याच वेळेला.